रहूगणाची पालखी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात मारबती, म्हणजे इडापिडेचे मोठे पुतळे, निघतात. काळी १८८१ सालापासूनची, पिवळी १८८५ पासूनची. इतवारीत दोघींची गाठ पडते तेव्हा पाय टेकायला जागा नसते. सोबत बडगे असतात, म्हणजे कागदाचे, बांबूचे, चिंध्यांचे पुतळे, आणि प्रत्येकाच्या गळ्यात त्या वर्षीच्या संतापाची पाटी. महागाईचा बडगा, खड्ड्यांचा बडगा, पैसे खाणाऱ्या पुढाऱ्याचा बडगा. भोंदू बाबाही यातून सुटत नाहीत. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" असा ओरडा होतो, पुतळे पेटतात, लोक घरी जातात.

भोंदू बाबाचा बडगा करायला सोपा. कफनी, दाढी, गळ्यात चार माळा, की शेंबडं पोरसुद्धा ओळखतं. तुकोबांनी "ऐसे कैसे जाले भोंदू" म्हणत, अंगाला राख फासून डोळे झाकून पाप करणाऱ्याचं चित्र कधीच काढून ठेवलंय. त्यात भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही. शिवाय असा कोणी पकडला गेला की आपल्याला फार बरं वाटतं, आणि हे इतकं बरं वाटणंच मला जरा संशयाचं वाटतं. मला लिहायचंय ते ज्याचा बडगा करता येत नाही अशा माणसाबद्दल. त्याचा अभ्यास खरा असतो, आवाज गोड असतो, पैशाचा व्यवहार चोख असतो. व्यासपीठावर तो एक अक्षर खोटं बोलत नाही.

काही वर्षांपूर्वी अधिक ज्येष्ठात आमच्या मोहल्ल्यात भागवत सप्ताह झाला. अधिक ज्येष्ठ म्हणजे ऐन उन्हाळा, पारा पंचेचाळिसाच्या आसपास, दुपारी रस्त्यावर कुत्रं नाही. महाराजांची उतरायची सोय आमच्याकडे ठरली. कारण अगदी साधं होतं: तळमजल्यावरची खोली मोकळी होती आणि कुलर नवा होता, नव्या वाळ्याच्या ताट्यांचा. महाराज यायच्या आधी त्यांच्या शिष्याचा फोन आला. तूप गाईचं, मीठ सैंधव, कांदा-लसूण वर्ज्य, पाणी आरओचं, स्वयंपाक सोवळ्यातला. सासूबाईंनी सगळं लिहून घेतलं आणि कागद फ्रिजला चिकटवला.

माणूस म्हणून महाराज वाईट नव्हते. पहाटे चारला उठत, संध्या चुकवत नसत, आमच्या धाकट्याला त्यांनी दोन स्तोत्रं प्रेमानं शिकवली. दक्षिणेवरून घासाघीस केली नाही. त्यांच्याविरुद्ध तक्रार करायची म्हटलं तर मला काहीच धड सांगता येणार नाही. फक्त ते आल्यापासून घराची सगळी माणसं त्यांच्याभोवती फिरायला लागली. कुलरच्या टाकीत दर दोन तासांनी कोणीतरी बादल्या ओतत होतं. जेवणात मिरची किंचित तिखट लागली तर शिष्याच्या कपाळाला आठी पडे. महाराज स्वतः काही बोलत नसत. त्यांना बोलावंच लागत नसे.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना त्या सात दिवसांत स्वयंपाकघरात यायला मनाई झाली. भांडी मागच्या अंगणात, नळावर. महाराजांचं ताट-वाटी-फुलपात्र वेगळं, ते शिष्य घासणार असं ठरलं होतं. घासलं माझ्या जावेनं. मावशींचा चहा अंगणातल्या कट्ट्यावर ठेवला जाई. कारण कोणी बोलून दाखवलं नाही. मावशींनीही विचारलं नाही, त्यांना ते माहीत असावं. आणि या सगळ्याचा हुकूम महाराजांनी दिला होता का? नाही. फ्रिजवरच्या कागदात एक शब्द होता, सोवळं. बाकीचं आमच्या घरानं आपल्या बुद्धीनं भरून काढलं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी महाराजांनी जडभरताची कथा लावली. पाचव्या स्कंधातली ही कथा मला भागवतातली सगळ्यात धारदार वाटते. सिंधू-सौवीर देशाचा राजा रहूगण पालखीत बसून कपिलमुनींच्या आश्रमाकडे निघालाय. कशाला? ब्रह्मज्ञान घ्यायला. वाटेत एक भोई कमी पडतो. रस्त्यात एक धडधाकट, मुका वाटावा असा माणूस दिसतो, त्याला धरून आणून दांडीखाली उभा करतात. तो जडभरत. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून तो पुढची जमीन बघत पाऊल टाकतो, त्यामुळे पालखीला हिसके बसतात. राजा चिडतो, टोमणा मारतो: दमलास वाटतं, किती लांबून एकटाच वाहून आणलीस! आणि मग तो मुका माणूस तोंड उघडतो. कोण वाहतो, कोण वाहवला जातो, कोण राजा, कोण चाकर. ते ऐकून राजा पालखीतून खाली उतरतो आणि त्याच्या पाया पडतो.

महाराजांनी ही कथा अशी सांगितली की मंडपात हुंदके ऐकू आले. भोयाचा वाकलेला खांदा त्यांनी स्वतः वाकून दाखवला. आरतीच्या ताटात त्या दिवशी नोटा जास्त पडल्या असं माझा नवरा म्हणाला. तो मंडळाचा खजिनदार, त्यामुळे त्याचा आकडा बरोबर असणार.

मंडपाच्या मागे आमच्या अंगणाची भिंत आहे. भोंगा तिकडेच वळवलेला. मावशींनी ती कथा भांडी घासता घासता अथपासून इतिपर्यंत ऐकली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "महाराज बोलते लय गोड, ताई. त्या राजाले कसं खाली उतरवलं भोयानं! पन मले एक सांगा, ग्यान भेटल्यावर राजा परत पालखीत बसला का पायी गेला?"

महाराजांच्या कथेत पालखीचं पुढे काही आलं नव्हतं. बाकीचे तीन भोई तर कथेत नुसते खांदेच होते.

त्याच आठवड्यात, कोणत्या दिवशी ते आता आठवत नाही, मंडपवाल्याचा एक पोरगा उन्हातून आत आला. मंडपाचे दोर सैल झाले होते, ते ताणायला तो वर चढला होता. व्यासपीठाशेजारी थंड पाण्याची कॅन ठेवलेली. त्यानं ग्लास उचलला तसा आमच्या मंडळाचा एक कार्यकर्ता धावला. "ते महाराजांचं आहे ना भाऊ, तू तिकडचं घे." तिकडचं म्हणजे सिमेंटच्या टाकीचं, दुपारी जे हात भाजेल इतकं तापतं. पोरगा काही न बोलता गेला. महाराज त्या वेळी आमच्या खोलीत झोपलेले होते. त्यांना आजही हे माहीत नसेल.

म्हणून मला वाटतं, ढोंग एकट्या माणसाला जमत नाही, त्याला मंडळ लागतं. वर्गणी लागते, कार्यकर्ते लागतात, सोवळ्याचा अर्थ न सांगता समजणाऱ्या सासवा लागतात. वर बसलेल्याला वैराग्य बोलता यावं म्हणून खाली वीस माणसं त्याच्या गरजा त्याच्या नजरेआड पुरवत असतात. आणि ऐकणाऱ्यांना तरी काय हवं असतं? त्यांनाही कोणीतरी आपल्या वतीनं विरक्त असलेला हवा असतो. एक माणूस आपल्या सगळ्यांच्या वाटचं निर्मोही राहिला की आपण सातव्या दिवशी महाप्रसाद खाऊन मोकळे.

आपल्या पोथ्यांनाही याचा थोडा दोष जातो. शेवटी फलश्रुती असते. जो वाचील, जो ऐकेल, त्याला संतती, संपत्ती, रोगमुक्ती. नुसतं ऐकलं की फळ कबूल. पण भागवतमाहात्म्यात धुंधुकारीची जी गोष्ट येते ती याच्या उलट जाते, आणि सप्ताहात पहिल्याच दिवशी सांगितली जाते म्हणून की काय, फार कोणी मनावर घेत नाही. प्रेत झालेला धुंधुकारी सात गाठींच्या बांबूत बसून भाऊ गोकर्णाचं भागवत ऐकतो. रोज एक गाठ फुटते, सातव्या दिवशी तो मुक्त होतो आणि विमान येतं, ते त्याच्या एकट्यासाठी. गोकर्ण विचारतो, ऐकलं तर सगळ्यांनी, मग विमान एकालाच कसं? विष्णुदूत सांगतात, ऐकलं सगळ्यांनी, मनन सगळ्यांनी केलं नाही. आमच्या मंडपात तीनेकशे माणसं होती. विमानाची वाट कोणी बघत नव्हतं, सगळ्यांचं लक्ष बुंदीकडे होतं. (बुंदी चांगली झाली होती, हे सांगितलं पाहिजे.)

आता कोणी म्हणेल, जो स्वतः करत नाही त्यानं सांगूच नये. ती गुळाची गोष्ट आहे ना, आई पोराला साधूकडे घेऊन जाते, हा फार गूळ खातो, याला समजवा. साधू म्हणतो काही दिवसांनी ये. कारण तोवर त्याला स्वतःचा गूळ सोडायचा असतो. ही गोष्ट मी किमान तीन वेगवेगळ्या थोरांच्या नावावर ऐकली आहे. मला ती आवडत नाही. साधूचा गूळ सुटेपर्यंत पोरानं काय करायचं?

आमच्या भागातल्या भजनी मंडळाचे एक बुवा होते. गळा असा की तिसऱ्या गल्लीतली माणसं झोपेतून उठून येत. आणि गालात कायम खर्रा. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते: सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत, म्हणजे प्लॅस्टिकच्या तुकड्यात, घालून घोटून घोटून केलेला हा प्रकार. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण पानठेल्यावर पन्नी घोटल्याचा करकर आवाज काही थांबला नाही. बुवांचं तोंड शेवटी जेमतेम दोन बोटं उघडायचं. पोळीचा तुकडा आत जाईना, तेव्हा वरणात कालवून खायचे. तरी संध्याकाळी भजनाला येणाऱ्या पोरांना बजावायचे, "लेकाच्यांनो, याले हात लावान तर तोडून टाकीन. हे पाहा," आणि तोंड उघडून दाखवायचे. जेवढं उघडेल तेवढं. त्या पोरांपैकी बरीचशी खर्र्यापासून लांब राहिली.

बुवा सांगत एक होते आणि करत दुसरंच होते. मरेपर्यंत. त्यांना ढोंगी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांनी आपलं हरणं लपवलं नाही, आणि त्या हरण्याचं दुखणं त्यांच्याच तोंडात होतं. मंडपातल्या त्या पोरानं जे तापलेलं पाणी प्यायलं ते कोणाच्या वैराग्याचं होतं? बोलणं आणि करणं यांत अंतर सगळ्यांच्याच असतं, माझ्याही असतं. मी बघते ते एवढंच, की त्या अंतराची किंमत कोण मोजतं. बुवांची बुवांनी मोजली. आमच्या घरातली मावशींनी मोजली, अंगणातल्या नळावर, बिनपगारी जादा कामासह.

मत्तयच्या शुभवर्तमानात तेविसाव्या अध्यायात येशू शास्त्री-परुश्यांबद्दल, म्हणजे त्या काळच्या यहुदी धर्मपंडितांबद्दल, लोकांना सांगतो की ते जे सांगतात ते पाळा, त्यांच्यासारखं वागू नका. म्हणजे शिकवणाऱ्याच्या वागण्यावरून शिकवण फेकून देऊ नका. लगेच पुढे तो म्हणतो, ते जड ओझी बांधून लोकांच्या खांद्यावर ठेवतात आणि स्वतः बोटही लावत नाहीत. इथेही खांदाच. कुराणातल्या एकसष्टाव्या सुऱ्यात सरळ सवाल आहे: श्रद्धावानांनो, जे करत नाही ते का बोलता? तो सवाल नास्तिकाला नाही, बाहेरच्याला नाही, आपल्याच माणसांना आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपण दुसऱ्याच्या धर्मातलं ढोंग बघायला दुर्बीण घेऊन बसतो. आमच्याकडे सप्ताहाच्या त्याच दिवसांत चहाच्या वेळी ताजबागेच्या दर्ग्यावरच्या चादरींच्या व्यापाराबद्दल कडक चर्चा झाली होती. बोलणारे सगळे अंगाऱ्याच्या पुड्या खिशात ठेवून बोलत होते.

नागपुरात राहून या विषयावर लिहायचं आणि दीक्षाभूमीला वळसा घालायचा, हे शक्य नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेब म्हणाले, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. धर्मांतर केलं १४ ऑक्टोबर १९५६ ला, आमच्या या गावात. मध्ये एकवीस वर्षं. १९४५ साली एखाद्यानं खवचटपणे विचारलं असतं, "काय, नुसतं बोलणंच का?" तर हिशोबानं त्याचं बरोबर दिसलं असतं. पण ती वर्षं पारखण्यात गेली. लाखो लोक ज्या वाटेनं येणार ती वाट आधी आपण नीट बघून घ्यावी, यात गेली. आणि दिवस आला तेव्हाचा क्रम बघा. आधी त्यांनी स्वतः भिक्खू चंद्रमणींकडून त्रिशरण आणि पंचशील घेतलं, पत्नी माईसाहेबांसह. मग वळून समोरच्या जनसमुदायाला दीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञांसह. त्या प्रतिज्ञा वाचल्या तर सगळ्या स्वतःपुरत्या आहेत. मी चोरी करणार नाही, मी खोटं बोलणार नाही, मी दारू पिणार नाही. शेजाऱ्यानं काय करावं याबद्दल त्यांत काही नाही.

दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास तिथे जी पुस्तकांची दुकानं लागतात त्यांत मी हमखास जाते. धम्मपद तिथूनच घेतलं. त्यात पहिल्याच वर्गात, म्हणजे प्रकरणात, एक गाथा आहे: जो पुष्कळ वचनं पाठ म्हणतो पण तसं वागत नाही, तो दुसऱ्याच्या गाई मोजणाऱ्या गुराख्यासारखा. आमच्याकडे गावोगावी असा ढोरकी असायचा. सकाळी गावाची ढोरं मोजून न्यायची, संध्याकाळी मोजून आणायची, मोजणी अचूक, आणि दूध एक थेंब त्याच्या घरात नाही. पाठांतराच्या स्पर्धा बघते तेव्हा मला तो आठवतो. गीतेचे अठरा अध्याय तोंडपाठ, बक्षीस, फोटो.

रविवारच्या पेपरातल्या वधू-वर जाहिराती तर मी ललित वाङ्मय म्हणून वाचते. "सुशिक्षित, संस्कारी, पुरोगामी कुटुंब. जातिबंधन नाही. एससी, एसटी क्षमस्व." नऊ शब्दांत कुंपण पाडलं आणि पुन्हा बांधलं. त्यातलं "क्षमस्व" मला विशेष आवडतं. इतका नम्रपणा! फ्रिजवरचा आमचा कागदही असाच नम्र होता. या जाहिराती फक्त देवळात जाणारे देतात असंही नाही. समतेवर भाषण करणाऱ्या घरांतही पोटजातीचा विषय निघाला की आवाज खाली येतो, मग भिंतीवर फोटो कोणाचाही असो.

मग बोलेल तसा चालणारा कोणी झालाच नाही का? झाला, आणि आमच्याच वऱ्हाडात झाला. गाडगेबाबा गावात येत ते हातात खराटा घेऊन. दिवसभर गाव झाडायचं, नाल्या साफ करायच्या, रात्री कीर्तन. कीर्तनात लोकांना ते आधी प्रश्न विचारत आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढत. खापराच्या तुकड्यात जेवले. पंढरीत गोरगरिबांना टेकायला जागा व्हावी म्हणून धर्मशाळा बांधल्या, आणि तिथली चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. स्वतःसाठी खोली नाही, नातेवाइकांना अधिकार नाही. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले आणि दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबरला, बाबा गेले. बडगा करायला तिथे काहीही सापडत नाही. खराटा आणि खापर, दोन्ही खरंच.

तरी माझा प्रश्न मी त्यांनाही लावून बघते, कारण थोर माणसाला लावायचा नाही असा प्रश्न फक्त लहानांना लावण्यात काय अर्थ? १९०५ च्या फेब्रुवारीत ते घर सोडून गेले. मागे म्हातारी आई, बायको कुंताबाई, लहान लेकरं. पुढे लाखोंच्या धर्मशाळा उभ्या राहिल्या तेव्हाही कुटुंब त्यांत राहिलं नाही, झोपडीत राहिलं. लोकांच्या पैशावर आपल्या माणसांनी जगू नये, हा बाबांचा दंडक. दंडक निर्दोष आहे. पण तो पाळला कोणी? चूल कोणी पेटवली? बाबांचं बोलणं आणि चालणं एक होतं, यात मला तिळमात्र शंका नाही, आणि त्या एक असण्याची किंमत त्यांनी स्वतः भरपूर मोजली. पण थोडी, नक्कीच थोडी, दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर गेली. ती बाई पालखीच्या मागच्या दांडीला होती. चरित्रांत तिच्या त्यागाचं कौतुक असतं. तिला तो करायचा होता का, हे विचारलेलं मला कुठे दिसलं नाही.

एवढं मात्र आहे. गाडगेबाबांची कीर्तनं सवाल-जवाबावर चालत. समोरचा अडाणी माणूस उठून काही बोलला तर ते त्याला "बस खाली" म्हणणारे नव्हते. त्या गर्दीत कुंताबाई बसल्या असत्या आणि त्यांनी उठून विचारलं असतं, "अन् आमचं काय?", तर बाबांनी कीर्तन थांबवून उत्तर दिलं असतं, असं मी धरून चालते. आमच्या मंडपात मावशी पालखीचा प्रश्न घेऊन उभ्या राहिल्या असत्या, तर शिष्यानं माईक बंद केला असता, आणि खजिनदारानं आरती लावली असती.